बाधा नाही म्हणाले डॉक्टर

एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट. त्या वर्षी चैत्रात दिवेआगरच्या तात्यांची धाकटी सून श्यामला नवऱ्याबरोबर आगबोटीने मुंबईला गेली, डॉक्टरला दाखवायला. आठ दिवसांनी परत आली तेव्हा तिच्या अंगातली बाधा गेली होती. म्हणजे बाधा मुळात नव्हतीच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्याआधी तीन वर्षं सगळी आळी बाधाच धरून चालली होती. आज श्यामला जाऊबाईंच्या गळ्यात पडून "तुम्हीच माझी आई" म्हणायची आणि उद्या वाटीभर ताकावरून त्यांना नाही नाही ते बोलायची. भाऊ, म्हणजे तिचा नवरा, श्रीवर्धनच्या बाजाराहून तासभर उशिरा आला, की हा मला टाकून गेला असं तिच्या मनात घट्ट बसे. मग भांडी अंगणात जात, आणि राग उरला तर तो स्वतःच्याच अंगावर. डाव्या हातावरचे चटक्यांचे डाग ती पदराखाली झाकी. मागाहून इतकी शरम वाटे, की दोन दिवस घास घशाखाली उतरत नसे.

देवीला कौल लावला. उजवी कळी पडली, म्हणजे होकार. बाहेरचं आहे, असं ठरलं. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचे दिवस त्यातल्या त्यात सुखाचे गेले. बाधा झालेल्या बाईला एकटं ठेवायचं नाही, असा तिथला रिवाज. रोज कुठल्या ना कुठल्या घरची बाई येऊन बसायची, वाती वळायची, तांदूळ निवडायची. श्यामला अंगावर धावून गेली तरी कुणी मनाला लावून घेत नसे. "ती कुठं बोलते? ते बोलतंय," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

मुंबईहून आल्यावर भाऊने ओसरीवर, सगळ्यांच्या देखत, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तिथेच चूक झाली.

"बाधा नाही म्हणाले. वेडही नाही. व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे म्हणाले."

"मराठीत सांग," तात्या म्हणाले.

"मराठीच आहे ते, तात्या." भाऊ घुटमळला. "म्हणजे, स्वभावाचा आजार."

"औषध काय दिलं?"

"औषध नाही. लहानपणीच आई गेली, दर वर्षी नव्या नातेवाइकाच्या दारात वाढली, तिथं भीती बसलीय म्हणाले. हट्ट पुरवायचे नाहीत, पण बोलणंही टाकायचं नाही. माणसं टिकली पाहिजेत. दर महिन्याला बोलायला आणा म्हणाले. वर्षं लागतील, पण उतरेल."

तात्या हसले. "स्वभावाला औषध नाही, हे सांगायला मुंबईचा डॉक्टर? आमची आजी सांगायची, फुकटात."

ओसरीवरच्या बायका एकमेकींकडे बघत उठल्या. तीन वर्षं आपण कुणाची बोलणी खाल्ली, हे त्यांना आता कळलं होतं. भूत नाही, वेड नाही, म्हणजे ही बाई सगळं शुद्धीत करत होती. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विहिरीवर श्यामला गेली, की बोलणी थांबत.

ज्येष्ठात बोटी बंद झाल्या, डॉक्टरही तुटला. आणि तात्यांनी निकाल दिला. "नारळी पौर्णिमेला दर्या उघडला, की पहिल्या बोटीने हिला दापोलीला मामाकडे पोचवायची. मुलगी इथंच राहील."

मुलगी तुळशी, पाच वर्षांची. श्यामलाने त्या दिवशी आरडाओरडा केला नाही. गोठ्यात जाऊन बसली, हात दाव्याने बांधून घेतल्यासारखे काखेत दाबून.

थोरली जाऊ अंबिका तिथे आली. बाई वाईट नव्हती. "अगो श्यामले, एक सांगू? तू घुमायला लाग. अंगात आलं, की तुला बोटीत बसवायची तात्यांची छाती होणार नाही. डॉक्टर काय बघायला येतोय?"

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी देवीचा नैवेद्य होता. बायका जमल्या होत्या. श्यामलाने अंबाडा सोडला आणि घुमायला लागली. काय सोपं होतं ते! कुणी हळदीकुंकू आणलं, कुणी तिला पाठीमागून सावरलं. किती दिवसांनी माणसाचा हात पाठीला लागला होता. तात्यांनी टोपी काढून हात जोडले. अंबिकाने तुळशीला पुढे ढकललं, "पाया पड, देवी आलीय."

पोर वाकली. हात जोडून म्हणाली, "देवी, माझी आई परत कधी देशील?"

श्यामला जागच्या जागी थांबली.

"मीच आहे गं," ती म्हणाली. "कुणी आलेलं नाही. ओरडते तीही मीच, रडते तीही मीच. डॉक्टर खरं बोलले. मला आवरत नाही, पण मीच आहे."

"देवीचं सोंग केलंस?" तात्यांचा आवाज चिरकला. बायकांनी ताटं उचलली. संध्याकाळच्या आत श्यामलाचं अंथरूण वाडीच्या टोकाला, नारळ ठेवायच्या खोपीत गेलं. बोट सुटेपर्यंत तिथंच.

सकाळी खोपीच्या दारात आवडाबाई येऊन बसली. वाळवून राखलेली सुपारी सोलायला ही बाई पावसाळाभर घरी येत असे. पुढ्यात पाटी, हातात सुरी.

"तुला पाळत ठेवायला पाठवलं ना?" श्यामला खेकसली. "चालती हो!"

"मना कोन पाठवतो? घरात धूर लय, म्हनून हितं बसलेय."

श्यामलाने पाटी उलटी केली. सुपाऱ्या चिखलात गेल्या. आवडाबाईने एकेक वेचली, पदराला पुसली.

"माजी भयीन अशीच व्हती, वैनी," ती वर न बघता म्हणाली. "आमीपन नाटकं म्हनलो. चार दिस कोनी बोललो न्हाय तिच्याशी. पाचव्या दिशी हिरीत गावली." मग सुरी पुसत म्हणाली, "तुमी शिव्या घाला नायतर पाटी फेका, उद्या मी येनारच हाय. पन उद्याची सुपारी तुमी येचायची. माजी कंबर गेली."

दुसऱ्या दिवशी ती आली. पौर्णिमेपर्यंत चार वेळा पाटी उलटली. चारही वेळा श्यामलाने वेचली, आणि चारही वेळा आवडाबाई दुसऱ्या सकाळी हजर.

नारळी पौर्णिमा झाली. भाऊने बोटीपर्यंत जायला बैलगाडीच सांगितली नाही. तोंडाने तो वडिलांना काही बोलला नाही, बोलण्याची धमक त्याच्यात नव्हती. तात्यांनी पुन्हा विचारलं नाही. श्यामला खोपीतच राहिली. तुळशी दुपारी यायची, दिवेलागणीला परत जायची. आणि पावसाळा सोडला तर महिन्यातून एकदा भाऊ तिला मुंबईला डॉक्टरकडे नेऊन आणायचा.

तात्या एकसष्ट साली गेले. शेवटपर्यंत सुनेशी बोलले नाहीत. भाऊने पुढच्या वर्षी मुंबईला कारकुनी धरली, गणपतीला येई, पुढे तेही सुटलं. डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले. दोन वर्षं त्यांची पत्रं आली. आवडाबाई सदुसष्टच्या कार्तिकात तापाने गेली. तो हिवाळा श्यामलाला फार जड गेला, हातावर नवे डाग उमटले. पण चाळिशी उलटल्यावर ती वादळं खरंच विरळ होत गेली. अंबिकाने तुळशीला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, आणि दोन्ही वेळचं ताट न चुकता खोपीत पाठवलं. घरात मात्र बोलावलं नाही. श्यामला त्र्याऐंशी साली त्याच खोपीत वारली. तुळशी पालीच्या शाळेत मास्तरीण झाली. तिने लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.