दसऱ्याच्या स्कीज

बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी असलेल्या दुकानातल्या बाईने यतीनच्या स्कीज उलटसुलट करून पाहिल्या आणि मान हलवली. बूट अडकवायचे खटके फार जुने झाले होते. माणूस पडल्यावर असे खटके वेळेवर सुटले नाहीत तर पाय मोडतो, त्यामुळे आम्ही ते कुणाच्या बुटांना जुळवून देत नाही, असं तिने नीट समजावून सांगितलं. मग टोकांवरच्या लाल-पिवळ्या डागांवर बोट ठेवून तिने विचारलं, हा गंज का?

"पूजा," यतीनची बायको सुवर्णा म्हणाली.

परदेशी आल्यापासून बॉथेलच्या त्यांच्या घरी दर दसऱ्याला लॅपटॉप आणि गाडीच्या किल्लीशेजारी या स्कीज पाटावर मांडल्या जायच्या. यतीन त्यांना हळदकुंकू लावायचा, झेंडूचं फूल वाहायचा, आणि फूल सुकलं की त्यांची रवानगी परत गराजमध्ये. इतक्या वर्षांत बर्फाशी त्यांची गाठ काही पडली नव्हती.

कारण यतीनला सीझन परफेक्ट हवा होता. लग्नाच्या मुहूर्तासाठी पुण्यात त्याने जेवढा घोळ घातला नसेल तेवढा इथे बर्फासाठी घातला. थंडी लवकर पडायला हवी. आधी जड, ओला बर्फ पडून खडक आणि झुडपं झाकणारा पाया बसायला हवा. मग त्यावर कोरडा, भुसभुशीत थर, आणि मध्ये पाऊस अजिबात नको. एका वर्षी पाया चांगला बसला तर पावसाने तो धुऊन नेला. एका वर्षी सगळं जुळून आलं, तर ऑफिसात नेमकं सॉफ्टवेअरचं रिलीज. मुलगी सिया मैत्रिणींबरोबर वाट्टेल त्या बर्फात जाऊन यायची. "बाबा, इट्स जस्ट स्नो," असं म्हणायची आणि बाबा कानावर हात ठेवायचे.

मग मागच्या मार्चमध्ये यतीनला स्ट्रोक आला. उजवा पाय काठीच्या भरवशावर गेला आणि डॉक्टरांनी स्कीइंगचा विषयच संपवला. तेव्हापासून त्याने हवामान बघणं सोडलं. यंदाच्या दसऱ्याला त्याने स्कीज गराजमधून काढल्यासुद्धा नाहीत. ते सुवर्णाच्या फार जिव्हारी लागलं. तिनेच त्या आणून पाटावर ठेवल्या आणि जाहीर केलं, "यंदा या घालून मी उतरणार. तू बघायला यायचं."

आणि सीझन निघाला तो असा. जानेवारी अर्धा सरला तरी उतारावर मधूनमधून माती दिसत होती आणि आज तर चक्क पाऊस भुरभुरत होता.

"घरी जाऊ या," यतीन बाहेर न बघताच म्हणाला. "स्कीज गेल्या, विषय संपला. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ऐकून माझे कान किटलेत. मी भाड्याच्या घेते."

"पडलीस तर? वय काय तुझं, सुवर्णा?"

"तुझ्यापेक्षा कमीच आहे. चल, बाहेर बस."

तिने त्याला कुंपणाजवळच्या बाकावर बसवलं, त्याच्या स्कीज शेजारी टेकवल्या आणि शिकवणीच्या घोळक्यात शिरली. तासाभराने ती सरकत्या पट्ट्यावरून छोट्या उतारावर चढली, निघाली आणि चार हात जाऊन आपटली. उठली, पुन्हा वर गेली, पुन्हा तिथेच आपटली. चौथ्यांदा पडल्यावर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. यतीन बघतो की नाही हे पाहायचंही तिला धाडस होईना.

"सुवर्णा!"

तिने मान वर केली. यतीन कुंपणाला धरून उभा होता.

"मधून येऊ नकोस. मध्ये सगळ्यांनी खरवडून त्याचा चिखल केलाय. झाडांच्या बाजूने ये. तिथे ऊन लागत नाही, तिथला बर्फ बसलेला आहे."

"नक्की?"

"इतकी वर्षं दुसरं काय केलं मी?"

ती पाचव्यांदा वर गेली. गुडघे वाकवले, पायांची टोकं आत वळवली आणि झाडांच्या कडेने निघाली. खालचा बर्फ खरंच घट्ट होता. स्की करकरत धरून राहिली. भीती वाटली तरी ती बसली नाही, आणि बघता बघता कुंपण जवळ आलं आणि ती उभ्याउभ्याच थांबली.

यतीन आता कुंपणापाशी नव्हता. बाकावर नुसती काठी पडली होती. बाकी लोकांनी आपापल्या स्कीज जिथे बर्फात रोवून ठेवल्या होत्या, तिथे त्या रांगेत त्यानेही आपल्या रोवल्या होत्या आणि दोन्ही हातांनी त्यांना धरून तो ताठ उभा होता.

"पाया कसा आहे?" सुवर्णाने धापा टाकत विचारलं.

त्याने खाली, स्कीज रुतल्या होत्या तिथे पाहिलं. "पातळ आहे," तो म्हणाला. "पण धरतोय."

ती त्याला आधार द्यायला पुढे झाली, पण त्याने मानेनेच नको म्हटलं. पावसात टोकांवरचं कुंकू भिजून त्याच्या तळहातांना लागलं होतं.