न दुखणारी गाठ

तुळसाने मे महिन्याच्या उन्हात खळ्यात आमसुलं वाळत घातली होती. रातांब्याच्या रसाने हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि तोंडाने लग्नाची बडबड अखंड चालू होती. घरात लग्न ठरलं की बाईमाणसाच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं म्हणतात, तसंच तिचं झालं होतं. हर्षद तिचा एकुलता एक मुलगा. मुंबईत कुरियरच्या कंपनीत कामाला, सध्या सुट्टीवर आलेला. शेजारच्या गावातल्या ज्ञानेश्वरीशी त्याचा साखरपुडा झाला होता. तुळशीचं लग्न लागलं की पाठोपाठ ह्यांचंही उरकायचं होतं.

पण नवरदेवाच्या तोंडावर हसू नव्हतं. कपडे स्वतः धुवायचा, अवघडल्यासारखा चालायचा. आईच्या नजरेतून असं सुटतंय थोडंच!

"काय झाला रे? जांघेत कायतरी उठलाय काय?" तिने विचारलं.

"काय नाय गो आये."

पडवीतून रावजीचा, तिच्या नवऱ्याचा, आवाज आला. "बाप्याचा काय असला तर बघायला मी हाय ना. तू तुझी सोला बघ."

आणि ती बापडी गप्प बसली. आपल्याकडे ही रीतच आहे. कमरेखालचं दुखणं बाप्याचं असेल तर बाईने विचारायचं नाही, आणि बाईचं असेल तर कोणीच विचारायचं नाही.

हर्षदने बापाला गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं होतं. एका बाजूच्या वृषणात गाठ होती, दगडासारखी घट्ट. कितीतरी महिने ती वाढतच होती, पण दुखत मात्र नव्हती. रावजीचा पोरावर जीव नव्हता असं नव्हे, उलट फार होता. पण तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पोरगा आलाच नाही, आले ते गावातले लोक. तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं तर रांगेत कोणीतरी ओळखीचं भेटणार. संध्याकाळपर्यंत ज्ञानेश्वरीच्या बापाच्या कानावर जाणार की नवरा मुलगा कामाचा नाही. मग ह्या जन्मात पोराला मुलगी कोण देणार?

म्हणून त्याने गावात पिढ्यान् पिढ्या चालत आलं तेच केलं. देवाला कौल लावला.

तुळसा तेलाची बाटली घेऊन सोबत गेली होती. लवू गुरवाने पाषाणावर डावी-उजवीकडे ओले कळे चिकटवले आणि हात जोडून विचारलं, "काय मागणा हाय रावजी?"

रावजी घसा खाकरून म्हणाला, "ठरल्या मुहूर्तावर पोराचा लगीन निर्विघ्न पार पडल काय, एवढाच विचार."

उजवा कळा पडला, म्हणजे देवाचा होकार. तुळसाने आनंदाने गूळ वाटला. देवळाच्या पायरीवर मान खाली घालून बसलेल्या हर्षदच्या हातावरही ठेवला.

देवाला मी दोष देत नाही. देवाला विचारलं ते लग्नाचं, दुखण्याचं कोणी विचारलंच नाही. पण रावजीने त्या उजव्या कळ्यावर सगळा भार टाकला. "लगीन होऊंदे, मंग बगू," असं म्हणून त्याने पोराला मुंबईला धाडून दिलं. हर्षदही शिकलेला, हातात मोबाईल असलेला. पण दारात डॉक्टरची पाटी वाचून परत फिरायचा. लाज शिक्षणाने जाते हा आपला एक समज आहे, झालं.

गणपतीला तो घरी आला तो खोकतच. कंबर धरून बसायचा. वाडीतली पोरं जाखडी नाचत होती आणि हा खांबाला टेकून नुसता बघत होता. गौरीविसर्जनाच्या दिवशी अंगणात कोसळला, तेव्हा मात्र कौल विचारायला सवड राहिली नाही. शेजारच्या विनोदने रिक्षा काढली आणि त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात पोचवलं.

तिथे मूत्ररोगाच्या डॉक्टर सावनी म्हणून होत्या. वृषणाचे आणि मूत्राशयाचे कॅन्सर हा त्यांच्या संशोधनाचा विषय. इकडची माणसं इतक्या उशिरा का येतात, ह्याचा त्या अभ्यास करत होत्या. बाई डॉक्टर बघून रावजी बावचळला. बायकोला म्हणाला, "तू भायर थांब."

"मी त्येची आवस हाय," तुळसा म्हणाली. "मी भायर जायाची नाय."

लग्नानंतर नवऱ्याचा शब्द तिने प्रथमच मोडला असेल.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं. गाठ कॅन्सरची होती. आता ती पोटात, फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत गेली होती.

"मुलगा तान्हा असताना एका बाजूचं वृषण खाली उतरलेलं नव्हतं, तिथे रिकामं लागायचं का हो?" त्यांनी तुळसाला विचारलं.

न्हाऊमाखू घालताना तिच्या हाताला ते लागलं होतं. सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, कुठं बोलू नको, पोराचा नाव खराब होईल. पुढे उशिरा का होईना ते वृषण आपोआप खाली आलं, आणि ती विसरून गेली.

"तेव्हाच दाखवायला हवं होतं. अशा मुलांना पुढे धोका जास्त असतो, लक्ष ठेवावं लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण निदान मे महिन्यात आणलं असतंत तरी वाचण्याची खूप आशा होती. एका बाजूचं काढलं तरी काही अडत नाही. लग्न होतं, मुलंही होतात. मे महिन्यात का नाही आलात?"

रावजी जमिनीकडे बघत म्हणाला, "लगीन मोडला असता."

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. हे उत्तर त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. लघवीतून रक्त जात असताना उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी पीत राहिलेले म्हातारेही त्यांनी पाहिले होते.

औषधं चढवली, गाठ काढली, करायचं ते सगळं केलं. हर्षदचे केस गेले, हातापायांच्या काड्या झाल्या. तुळसा त्याला लहानपणासारखं पुसून काढायची आणि तो आता लाजायचा नाही. एकदा म्हणाला, "आये, ज्ञानेश्वरीला नको सांगू हां, मला काय झालंय ते."

दिवाळी सरली आणि तो गेला.

बाराव्याला माणसं जमली. न्यूमोनिया झाला होता, असं रावजीने सगळ्यांना सांगितलं. ज्ञानेश्वरी बापाबरोबर आली होती. तिलाही त्याने तेच सांगितलं. तुळसा चुलीपाशी होती. पोराने मरताना घातलेली गळ तिला आठवली, आणि तरीही ती पडवीत येऊन उभी राहिली.

"न्युमोनिया नाय झालता. अंडाचा कॅन्सर झालता त्येला. तुमी लगीन मोडशाल म्हणून लपवून ठेवला आमी."

ज्ञानेश्वरी कितीतरी वेळ रडत राहिली. मग रावजीकडे बघून म्हणाली, "मी नाय म्हणेन, हे तुमीच ठरवलांत. मला विचारायचा होता. मी थांबले असते."

रावजी तिथून उठून गोठ्यामागे गेला.

दुसऱ्या दिवशी तुळसा एकटी एस.टी.ने रत्नागिरीला गेली. "माज्या पोराचा तुमच्या संशोधनात लिवा. नावासकट," तिने डॉक्टरांना सांगितलं.

"संशोधनात रोग्याचं नाव घालत नाहीत, काकी. तसा नियमच आहे."

"नाव जपता जपताच गेला तो," तुळसा म्हणाली. "बरा. तुमच्या कागदावर नको तर नको. मी सांगतंय."

परतीच्या गाडीतून ती थांब्यावर उतरली, तेव्हा दुकानाच्या बाकावर नेहमीचे बाप्ये बसले होते. कोणीतरी विचारलं, "काकी, खय गेलेलीस?"

ती त्यांच्यातच बाकावर टेकली. बाप्यांच्या बाकावर बाई बसलेली त्या गावाने कधी बघितली नव्हती. हर्षदला काय झालं, गाठ कुठे होती, ती का लपवली, सगळं तिने सांगितलं. एकही शब्द तिने गिळला नाही. कोणी तंबाखू मळत राहिला, कोणी रस्त्याकडे बघत राहिला. एकेक करून माणसं उठून गेली. तुळसा बसून राहिली.

शेवटी विनोद तेवढा उरला. दोन पोरांचा बाप, तिच्या लेकाला रिक्षातून नेणारा. इकडे तिकडे बघून त्याने हळूच विचारलं, "काकी, ती गाठ… दुखते काय गो?"

तुळसाने त्याच्याकडे वळून बघितलं. सगळं तिच्या ध्यानात आलं.

"नाय रे बाबा, दुखत नाय," ती म्हणाली. "दुखली असती तर माजा हर्षद वाचला असता. उद्या सकाळी रिक्षा काढ. मी येतंय तुज्याबरोबर."