देवानंद मास्तरांची हिमनदी

मी हिमनदी बोलतेय. खरी नव्हे, कागदावरची. आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते.

जालन्याचे ड्रॉइंग मास्तर देवानंद हिमालयातल्या सुरुवातीच्या एका मोहिमेत चित्रकार म्हणून गेले होते. कॅमेरा गारठून बंद पडला की काम त्यांचं. रंग गोठले की डबी काखेत धरून वितळवायचे. मी तशीच जन्मले. मास्तर परतले ते पायाची दोन बोटं गमावून. चित्रांना मात्र कोणी विचारलं नाही. ते गेले आणि मी त्यांच्या मुलीच्या, बेबीनंदाच्या, भिंतीवर राहिले.

पुढे मुंबईच्या एका लिलावात मास्तरांची चित्रं गाजली. लगेच गावातल्याच मस्तगड भागातला फ्रेमवाला राधेश्याम दारात.

"ताई, चित्रावर बुरशी चढून राह्यली. द्या, साफ करून आणतो."

तिनं विश्वासानं दिलं. त्यानं माझ्या दोन नकला करवून घेतल्या. एक तिला परत दिली, दुसरी 'एकच असली' म्हणून अंबडच्या अंगद डॉक्टरांना विकली. मला मोठ्या गिऱ्हाइकासाठी कुलपात कोंडलं. तिथं मी त्याला रोज शिव्याशाप दिले.

बेबीनंदाला घरातलं चित्र खटकलं. ती दुकानात गेली, तर हा भर गर्दीत हसला. "तुझ्या बापानंच नकला विकल्या असतील, बाई!"

ती रडली नाही. अंबडच्या डॉक्टरांनी तेच चित्र घेतल्याचं कानावर आलं, तशी तिनं त्यांना शोधून काढलं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला दाखवायला राधेश्यामनं मला एका भाड्याच्या हॉलमध्ये मांडलं, तेव्हा कुणकुण लागून दोघं आपापलं चित्र घेऊन हजर झाले. गिऱ्हाईकच म्हणालं, "फ्रेमा काढा." डॉक्टरांनी तिन्ही कागद मिसळून टेबलावर ठेवले.

"आता सांगा, असली कोणतं?" बेबीनंदा म्हणाली.

त्यानं तिन्ही कागद निरखले. बोट ठेवलं ते डॉक्टरांच्या नकलेवर! माझ्याकडे त्यानं कधी धड बघितलंच नव्हतं.

बेबीनंदानं मला उचलून उजेडात तिरकं धरलं. "ओल्या रंगावर बर्फ पडला, तिथं कागद फुगलाय. नकलेत नुसते पांढरे ठिपके हायेत."

डॉक्टरांनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. असा आनंद मला कधी झाला नव्हता!

परवा राधेश्यामची बायको पोलीस ठाण्यात तडजोडीला आल्ती. बेबीनंदा म्हणाली, "माझ्या बापाचं नाव चारचौघांत खराब केलं. माफीबी चारचौघांतच मागू द्या, कोर्टात."

मी आता त्याच पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्त मालात, गोणपाटात पडून आहे. ओल लागतेय, रंग सुटू लागलेत. विनंती एवढीच, खटला उभा राहीपर्यंत मला जपा. नंतर विरून गेले तरी चालेल. पण त्या दिवशी मला राधेश्यामच्या अगदी समोर ठेवा. मला त्याचा चेहरा बघायचाय.