हात धरायची बाई

गोमाबाबा दवाखान्यातून पळाला तो गळ्यातल्या हिरव्या कागदी रुमालासकट. पळताना त्याने अवजारांचा ट्रे उडवला, बाहेर बाकावर बसलेल्या दोघांच्या पायांवरून उडी मारली आणि साठी उलटलेला तो माणूस शहापूरच्या एसटी स्टँडच्या दिशेने असा काही सुटला की त्याच्यामागे धावणाऱ्या सकुबाईची एक चप्पल रस्त्यातच राहिली.

रसवंतीपाशी तिने त्याला गाठलं. उजवा गाल पेरवाएवढा सुजलेला, छाती भात्यासारखी वरखाली होणारी.

"बाबा, निदान तो रुमाल तरी द्या. लोक बघतात."

"नाकावर ते कशाला ठेवते गो डाक्टरीण? माणूस श्वास घील कुठून?"

"त्यातूनच घ्यायचा. गॅस असतो तो. डोकं हलकं होतं, भीती पळते."

"भीती नाय पळाली," गोमा म्हणाला. "मी पळालो."

सकुबाईला हसूच फुटलं. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं आणि हसू विरलं. रसवंतीचा खांब त्यांनी गच्च धरला होता. हे तेच हात, ज्यांनी दोर धरून हा माणूस डोळखांबच्या कड्यांवर मधाची पोळी काढायला लटकायचा. माश्या अंगभर चिकटल्या तरी म्हणे दोर सुटला नाही कधी. त्याची सून ठमी मघाशी बाकावर बसून हेच कौतुकाने सांगत होती.

रसवंतीच्या बाकड्यावर बसून त्याने सांगितलं ते फार थोडं होतं. चाळीस वर्षांपूर्वी वीटभट्टीवर त्याची दाढ ठणकायला लागली. कामाचा खाडा नको म्हणून मुकादमाने कुठून तरी एक दात काढणारा आणला. चार माणसं गोमाच्या अंगावर बसली. तोंड उघडावं म्हणून एकाने नाक दाबून धरलं.

"काढला त्यानं दात," गोमा म्हणाला. "दुसराच काढला."

सकुबाईने आपला डावा हात बाकड्यावर उताणा ठेवला. थोड्या वेळाने गोमाने तो धरला, आणि तसाच धरून तो तिच्यामागून दवाखान्यात परत आला.

आता या हाताबद्दल सांगायलाच हवं. सकुबाई त्या दवाखान्यात बावीस वर्षं होती. लादी पुसणं, अवजारं उकळणं, पेशंटांना नंबराने आत सोडणं ही तिची पगाराची कामं. पण खरं काम वेगळंच. खुर्चीतला माणूस ताठ व्हायला लागला की मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "सकुबाई, हात." की ही डाव्या बाजूला येऊन उभी. त्या हाताला धरून फौजदार रडले होते, सरपंच रडले होते, पैलवान तर दोनदा. पेशंटला टोचू नयेत म्हणून त्या हातात ती बांगड्या घालत नसे, आणि त्यावरून सासू तिला आयुष्यभर टोचत राहिली. मनगटावर नखांच्या चंद्रकोरी अशा उमटलेल्या, की कुणी मोजायच्या म्हटल्या तर चुकेल.

मोठे डॉक्टर थकले, मग त्यांची मुलगी रेश्मा दवाखाना बघायला लागली. तिने गॅसचं मशीन आणलं. दर गुरुवारी कल्याणहून भूल देणारे डॉक्टर यायला लागले. "मावशी, आता तुमच्या हाताला आराम," ती म्हणाली होती. प्रेमानेच म्हणाली होती. सकुबाईने हसून हात पदराखाली घेतला होता.

परत आलेल्या गोमाला रेश्माने सगळं नीट समजावलं. दाढेखाली पू आहे. पाच दिवस गोळ्या घेऊन आधी सूज उतरवायची, मग दाढ काढायची. नाकावर काही नको असेल तर दुसरे उपाय आहेत. ती सांगत होती, आणि सकुबाई तेच त्याच्या भाषेत उलगडत होती.

"एक गोळी असते, बाबा. तासभर आधी घ्यायची. गुंगी येते, पण तुमच्यासारख्याला पुरायची नाय. दुसरं, शिरेतून सुई. त्यात तुमी बोलाल-चालाल, पण मागाहून काय आठवणार नाय. आणि पुरतं बेशुद्ध करायचं तर ठाण्याला मोठ्या इस्पितळात."

"ठाणा नको," गोमा म्हणाला. मग विचारात पडला. "आठवत नाय म्हंजे? मग तवर मी जातो कुठं?"

रेश्मा हसली. सकुबाई नाही हसली.

"कुठं नाय जात. इथंच असता. मी हात धरून असते ना."

"सोडू नको मग."

"नाय सोडत."

गुरुवार ठरला. आदल्या रात्री बारापासून पोटात काही नको, पेजसुद्धा नको, हे सकुबाईने ठमीला तीनदा बजावलं. भूल दिल्यावर पोटातलं वर येतं, श्वासाच्या नळीत उतरतं आणि माणूस हातचा जातो, हेही सांगितलं. ठमी मान डोलवत राहिली.

गुरुवारी गोमा आला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, गालाची सूज निम्म्याने उतरलेली. ठमी बाहेर बाकावर बसली. तो मात्र आपल्या पायांनी चालत आत गेला आणि खुर्चीत बसला. सकुबाईला इतकं बरं वाटलं, जसं काही आपलाच मुलगा परीक्षेला बसला आहे.

कल्याणचे डॉक्टर बाटली टांगत होते. रेश्मा हात धूत होती. सकुबाई गोमाच्या गळ्यात रुमाल अडकवायला वाकली आणि तशीच थबकली. मार्गशीर्षातला गुरुवार होता, तिचा स्वतःचा उपास होता. आपलं पोट रिकामं असलं की दुसऱ्याच्या तोंडाचा वास लगेच येतो. नाचणीचा वास. मिशीच्या टोकाला वाळलेला एक बारीक करडा ठिपका.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "काय खाल्लंत?"

गोमाने छताकडे पाहिलं. "पेज. दोन वाट्या."

"कधी?"

"निघताना. सातला." मग तो घाईघाईने कुजबुजला, "ठमी सोडीना गो. आमच्यात अशा कामाला निघालेला माणूस उपाशी नाय धाडत. माझी बायको अशीच उपाशी नेलीवती इस्पितळात, ती परत नाय आली. ठमी रडाया लागली. मग प्यालो."

दहा वाजत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे सकुबाईने दोनदा पाहिलं, जणू दुसऱ्यांदा पाहिल्यावर काटा पुढे गेलेला असेल.

"बोलू नको बाय," गोमाने तिचं मनगट धरलं. मधाच्या दोराला धरत असेल तसं. नखं आत रुतली. "बोललीस तर मी पुन्यांदा नाय बसायचा. माझा मला ठाव आहे."

पेज तर पेज, पातळच असते. तासभर चालून आलाय, जिरलीही असेल. सकुबाईच्या मनात सगळं येऊन गेलं. बावीस वर्षांत या खुर्चीवर कुणाचं काही गुपित तिने फोडलं नव्हतं. कोण लहान मुलासारखं रडलं, कोणाला धोतर बदलावं लागलं, काही काही नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यांनी सातला पेज घेतलीय."

कल्याणचे डॉक्टर रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले आणि हातमोजे काढले. त्यांना पुढे मुरबाडला दुसरी केस होती. "पुढच्या गुरुवारी बघू."

रेश्माने कपाळ चोळलं. "बाबा, सूज उतरलीय तोवर काढलेली बरी. आज नुसती जागा बधिर करून काढू या? दुखणार नाही. मावशी हात धरतील."

गोमाने त्या हाताकडे पाहिलं. मग काट्यात अडकलेला कपडा सोडवावा तशी आपली बोटं एकेक करून तिच्या मनगटावरून सोडवली.

"हा हात नको," तो म्हणाला.

गळ्यातला हिरवा रुमाल त्याने स्वतः काढला. नीट घडी केली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि बाहेर गेला. या वेळी पळाला नाही. पळाला असता तर सकुबाई मागे धावली असती.

रेश्माने ठाण्याच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली, आणखी गोळ्या दिल्या. सूज गळ्याकडे उतरली, घोट गिळेना, तर त्याच दिवशी न्यायचं, एक तास थांबायचं नाही, असं ठमीला सांगितलं.

पुढच्या गुरुवारी सकुबाईने खुर्ची पुसून ठेवली. बाक बारापर्यंत रिकामाच राहिला.

संक्रांत उलटून गेल्यावर एका दुपारी ठमी दारात उभी राहिली. कडेवर बसायच्या वयाची नसलेली मुलगी कडेवर. हर्षाली, सात वर्षांची. गालाला हात.

"हिची पण दाढ," ठमी म्हणाली. "म्हटलं, लवकर न्यावी. बाबांसारखं नको."

सकुबाईने विचारलं नाही. ठमीनेच सांगितलं, नजर फरशीवर ठेवून. त्या गुरुवारनंतरच्या रविवारी बाबांचा गळा सुजून आला. ठाणा नको, म्हणून बसले. सोमवारी पाणीसुद्धा उतरेना, तेव्हा झोळीत घालून पोरांनी खाली आणलं. डोळखांबला जीप उभीच होती. जीपमध्ये ठेवायला गेले तेव्हा काही उरलं नव्हतं.

हर्षालीला रेश्माने आत घेतलं. ठमी बाकावरून उठली नाही.

"मावशी, एक इचारू? त्या दिवशी मी त्यांना पेज दिलीवती. तुमी नको म्हटलंवतं तरी." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बाबा बोलले, मशीन बिघडली म्हणून परत पाठवला. मी चार दिवस इचारत होते, पेजेनं तर नाय ना? गळ्यातून आवाज फुटत नव्हता तरी तेच. मशीन बिघडली. खरं का ओ?"

शिरेतल्या सुईला मशीन कसलं लागतंय. सकुबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणजे म्हाताऱ्याने हे असं झाकलं होतं. सुनेपासून तिची पेज झाकली होती, आणि जाता जाता सकुबाईचं सांगणंही.

"खरं," ती म्हणाली. "वायर जळली होती. धूर झाला होता सगळीकडे. तुझ्या पेजेचं काय नाय त्यात."

ठमीने मोठा श्वास सोडला आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं रडली.

आतून रेश्माचा आवाज आला. नाकावर गॅस ठेवला होता, पण पोर ताठ झाली होती. "मावशी, हात."

सकुबाईने पदराला तळवा पुसला. आत जाऊन डाव्या बाजूला उभी राहिली आणि हात पुढे केला. हर्षालीने डोळे घट्ट मिटले आणि तिच्या मनगटात नखं रुतवली, नेमकी तिथेच, जिथली एक खोल चंद्रकोर आत्ता कुठे भरत आली होती.

सकुबाईने हात हलवला नाही.