मखमली आसनावरचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय! पण मला दिलेली भाषा म्हणजे काचेवर उमटणारे तीन आकडे आणि मध्ये एक टिंब. एवढ्यात राग कसा सांगायचा?

कारखान्यात मला चार पाय दिले, अंगावर काच बसवली, पोटात दोन सेल घातले आणि खोक्यात माझ्यासोबत एक कागद ठेवला. त्यावर पहिलीच ओळ होती : 'काटा कडक, सपाट जमिनीवर ठेवावा.' माझी सगळी अक्कल माझ्या पायांत आहे. पायाखाली घट्ट जमीन असेल तर मी खरं बोलतो. मरोळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये माझं खोकं उघडलं आणि तो कागद कुणीतरी प्रसादाचे पेढे ठेवायला घेतला. पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मला विकत आणलं चंद्रप्रकाश सरांनी. बँकेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी सहाला हॉलमध्ये योगवर्ग घेतात. माणूस वाईट नाही, शिकवतात मनापासून. पण दारावर त्यांनी फलक लावला : 'योगाने वजन घटवा, बांधा सुडौल करा.' मग ते सिद्ध करायला साक्षीदार हवा, म्हणून मी.

मी आलो तो दसऱ्याच्या दिवशी. दसऱ्याला नवं यंत्र नुसत्या लादीवर? छे, छे! नवरात्रात देवीपुढे अंथरलेला लाल मखमली गालिचा आणला, त्याची चौघडी केली आणि त्यावर मला बसवलं. हळद-कुंकू झालं, झेंडू झाला, आपट्याची पानं झाली. आणि मुहूर्त टळायला नको म्हणून तिथेच, त्या आसनावरच, सगळ्यांची वजनं घेतली.

माझे पाय मखमलीत रुतले. पोट गालिच्याला टेकलं. निम्मा भार माझ्यापर्यंत पोचतोय की नाही, तेही कळेना. जो येईल तो तीन-सव्वातीन किलोंनी कमी भरत होता. ते खोटे आकडे सरांनी सुबक अक्षरात भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिले, 'आरंभीचे वजन' म्हणून. मी आतल्या आत जळत होतो.

त्या रांगेत वनमाला होती. सत्तेचाळीस वर्षांची, मरोळच्याच एका मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला. आठ तास उभं राहून गुडघे कामातून गेलेले. तीन मजले चढायचे तर कठडा सोडायची नाही. तिचा आकडा आला अडुसष्ट पूर्णांक चार. नवरा सीताराम हाताची घडी घालून शेजारी उभा होता.

"एक महिना जा," तो म्हणाला. "काटा खाली आला तर पुढचं बघू. नायतर हा टाइमपास बंद. सकाळचा चहा काय मी करून घ्यायचा?"

ऐकलंत? त्या बाईच्या आयुष्यातला स्वतःचा म्हणावा असा एकुलता एक तास याने माझ्या गळ्यात बांधला. मला विचारलं होतं का कुणी?

महिनाभर मी कोपऱ्यातून बघत होतो. पहिल्या आठवड्यात वाकताना तिची बोटं गुडघ्याखाली जात नव्हती. तिसऱ्या आठवड्यात ती पावलांपर्यंत पोचली. उठताना मांडीवर हात टेकणं बंद झालं. सलवारीची नाडी आधी जेमतेम गाठ बसेल एवढी उरायची, ती आता गुडघ्यापर्यंत लोंबायला लागली. सतरंजी गुंडाळताना बाई गुणगुणायची. हे सगळं मला दिसत होतं, पण मला विचारलं जाणार होतं ते भलतंच.

महिना भरला. गालिचा केव्हाच पेटीत गेला होता. मी लादीवर होतो, चारी पाय घट्ट. वनमाला चढली आणि मी खरं बोललो : एकोणसत्तर पूर्णांक नऊ.

"वनमालाताई, जिभेवर ताबा राहिला नाही वाटतं," सर म्हणाले.

"घ्या!" सीताराम हसला. "योगा करून दीड किलो वाढली. बस झालं गो आता."

"अहो, पण नाडी सैल झालीय माझी," ती हळूच म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

आकड्यांत एकीचंही वजन उतरलेलं दिसत नव्हतं. पण काट्याखाली काय होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मध्ये दिवाळी होऊन गेली होती ना! प्रत्येकीला आपापल्या चकल्या आठवल्या आणि प्रत्येकीने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून वनमाला आली नाही.

योगाने वजन उतरतं का, हे मला विचारता? उतरतं, पण मुंगीच्या पावलांनी, आणि तेही ताटाने साथ दिली तर. अंग आवळतं, पाठ सरळ होते, पायात जोर येतो. पण हे मला कसं कळणार? हाडं, मांस, चरबी, सकाळी प्यायलेलं तांब्याभर पाणी, सगळं मला सारखंच. मी फक्त ओझं जाणतो. एवढ्या अडाण्याला तुम्ही न्यायाधीश करता, याची लाज कुणाला वाटायला हवी?

वर्ष गेलं. पुन्हा दसरा, पुन्हा लाल गालिचा. आणि काय चमत्कार! मागच्या महिन्यापेक्षा सगळ्यांची वजनं दोन-दोन, तीन-तीन किलो खाली. टाळ्या. "वर्षभराच्या साधनेचं फळ!" असं सर म्हणाले तेव्हा माझी काच तडकायचीच बाकी होती.

वनमाला सोनं द्यायला आली होती, कठडा धरत जिना उतरून. बायकांनी आग्रहाने तिलाही चढवलं. एकोणसत्तर पूर्णांक आठ.

"बघ," सीताराम म्हणाला, "योगा न करता पण वाढली नाय."

"गप्प बसा जरा." तिच्या कपाळाला आठी पडली. "परवा डॉक्टरकडे त्र्याहत्तर आलंय. दोन दिवसांत तीन किलो जातात होय?"

ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि माझ्याखाली बोटं घातली. रोज काट्यावर पुड्या ठेवणारी बोटं ती.

"काट्याखाली गालिचा कुणी घातला? आमच्याकडे नुसतं फडकं राहिलं ना, तरी सुपरवायझर अख्खा माल परत मोजायला लावतो. अन् मी मेली, तेव्हा पण आकड्याकडेच बघत बसले."

तिने मला ओढून लादीवर घेतलं आणि ती चढली. त्र्याहत्तर. मग तिने भिंतीकडे बघितलं. तक्त्यावर तिची ओळ अजून होती : आधी अडुसष्ट पूर्णांक चार, महिन्याने एकोणसत्तर पूर्णांक नऊ.

"पहिला आकडा गालिच्यावरचा, दुसरा लादीवरचा. म्हणजे तेव्हा माझं कमी झालं होतं," ती म्हणाली.

सरांनी तक्त्याकडे पाठ फिरवली.

"जाऊ दे गो," सीताराम पुटपुटला. "सणाच्या दिवशी कशाला..."

"जाऊ दे काय? वर्षभराच्या माझ्या सकाळी गेल्या! उद्यापासून सहाला मी इथे. चहा तुमचा तुम्ही करा."

"ताई, उद्या नव्याने वजन घेऊ," सर म्हणाले.

"काय नको." तिने मला उलटं केलं, सेल काढले आणि सरांच्या हातावर ठेवले.

तेव्हापासून मी कोपऱ्यात पडून आहे. रागही कायम आहे. माझं एवढंच मागणं आहे : मला तोलायला हवं ते ओझं द्या, कुणाचा सकाळचा तास माझ्यावर ठेवू नका. आणि ठेवायचाच असेल, तर निदान माझ्या पायाखाली काय आहे ते आधी बघा.

वनमाला रोज येते. काल तिची नाडी पुन्हा लोंबताना दिसली. सीताराम दाराशी आला होता, स्वतःच केलेला चहा पिऊन.

"किती उतरलं?" त्याने विचारलं.

"त्यालाच विचारा," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, आणि कठड्याला हातही न लावता जिना चढून गेली.