सेहेचाळीस नंबरचा मामा

तुसानीमामा वर्षभर रविवारच्या जेवणाला आला नव्हता, आणि त्याला कारण होती सेलाफीची एक ओळ.

ओळ तोंडानं बोललेली नव्हे. मामापुढे सेलाफी ब्र काढत नसे. ही ओळ होती संगणकाच्या जावास्क्रिप्ट भाषेतली. गेल्या वर्षी होड्यांच्या शर्यतीला आपिया बंदराच्या समुद्रकाठी मोठा पडदा लावला होता, आणि त्यावर प्रत्येक गावाच्या होडीतली नावं झळकवायचं काम सेलाफीकडे होतं. त्यांच्या गावाच्या होडीत सत्तेचाळीस जण. सेहेचाळीस वल्हेकरी, आणि सगळ्यांच्या मागं उभा राहून सुकाणूचं लांब वल्हं धरणारा तिचा मामा. पडद्यावर एका वेळी दहाच नावं मावत, म्हणून तिनं यादीचे तुकडे पाडले. यंत्राची मोजणी शून्यापासून, तेव्हा शेवटचा तुकडा चाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत. शून्य ते दहा, दहा ते वीस असे आधीचे तुकडे नीट पडले होते, इथं मात्र घात झाला. तुकडा कापताना ही भाषा पहिला आकडा धरते आणि शेवटचा सोडून देते. सेहेचाळीसपर्यंत म्हटलं की पंचेचाळीसवरच थांबते. सहा नावं आली, आणि पडदा खुशाल पुढच्या गावाकडे वळला.

तेवीस वर्षं सुकाणू धरणारा माणूस गाळला गेला होता. तोही शेवटचा! कावा ह्या मुळ्यांच्या पेयाच्या बैठकीत पहिला प्याला मानाचा आणि शेवटचाही मानाचा, मधले आपले मधले, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. मामा संध्याकाळी घरी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "शेवटच्या माणसाच्या तोंडापर्यंत प्याला न्यायचा आणि मागं फिरायचं, हे तुझ्या यंत्राला कोणत्या घरात शिकवलं गं?"

तेव्हापासून अबोला. चर्चमध्ये समोर आला तर तो छताकडे बघे. सेलाफीला ते फार लागलं होतं. लहानपणी तिला पोहायला शिकवलं होतं ते ह्याच मामानं.

यंदा मामाची शेवटची शर्यत होती, गुडघे संपावर गेले होते. ह्या खेपेला नाव चुकलं तर पुढच्या वर्षी सुधारू म्हणायची सोय नव्हती. दुधानं तोंड पोळलेली सेलाफी आता ताकही फुंकून पीत होती. तिनं तुकडे कापायचंच सोडून दिलं. त्याऐवजी एक इटरेटर लिहिला. हा म्हणजे यादीवर बोट ठेवून उभा राहणारा गडी. त्याला फक्त सांगायचं, इथून सुरू कर आणि इथं थांब, दोन्ही टोकं धरून. तो काही कापत नाही, नक्कल करून खिशात ठेवत नाही. कळ दाबली की बोट एक घर पुढं सरकवतो आणि त्या घरात जे लिहिलं असेल ते वाचतो. पुन्हा दाबेपर्यंत गप्प.

असा संथ गडी हवाच होता, कारण समालोचनाला मानासे होता. मानासे एकेका वल्हेकऱ्याच्या नावावर बोलायला लागला की त्याच्या आजीच्या कोंबड्यांपर्यंत पोचल्याशिवाय थांबत नसे.

सेलाफीनं आठवडाभरात तीसेक वेळा तपासून पाहिलं. दर वेळी शेवटी तुसानी. दर वेळी जिवात जीव.

शर्यतीच्या सकाळी होड्या काठाजवळून एकेक करून मिरवत निघाल्या. गावाची होडी आली तसं मानासेनं माइक तोंडाला लावला. "पहिल्या वल्ह्यावर लाउलू! काय दंड, काय छाती! ह्याची आई म्हणते, टोपलीभर तारोचे कंद एका बैठकीत संपवतो!" लोक हसले. सेलाफी कळ दाबत राहिली. दहा झाली, वीस झाली, चाळीस झाली. मानासे कुणाच्या तरी मोडक्या मोटारीची गोष्ट सांगत असताना तिचा फोन वाजला. आई.

"सेलाफी, मामाचं नाव काय लावलंयस?"

"तुसानी. अगदी शेवटी. देवाशपथ."

"अगं बये! आता तो नुसता तुसानी राहिला नाही. पहाटे किनाऱ्यावर बैठक बसली, तिथं गावानं त्याला मानकऱ्याची पदवी दिली. वासालोआ! त्या नावानं प्यालासुद्धा प्यायला तो."

"आणि हे आत्ता सांगतेस, आई?"

"मला वाटलं, तुझ्या यंत्रात दिसेल."

सेलाफीच्या पायाखालची वाळू सरकली. पदवी मिळालेल्या माणसाला जुन्याच नावानं पुकारणं म्हणजे भरसभेत त्याची टोपी उडवणं. नाव गाळलं तर एक वर्ष अबोला. हे झालं तर जन्माचा. गेल्या वर्षीसारखी व्यवस्था असती तर सगळं बुडालंच असतं. तुकडा आधीच कापलेला, त्यात जुनं नाव बसलेलं. यादी बदलली तरी त्या तुकड्याला पत्ता लागला नसता. पुन्हा सुरू करावं तर पुन्हा लाउलू, पुन्हा टोपलीभर तारो.

पण ह्या गड्याच्या खिशात काहीच नव्हतं. होतं ते फक्त एक बोट, आणि ते त्रेचाळीसच्या घरावर थांबलेलं. सेहेचाळीसच्या घरात काय लिहिलंय, त्यानं अजून पाहिलंच नव्हतं!

"मानासे, जरा लांबव," ती कुजबुजली.

"मला लांबव म्हणणारी आयुष्यात तू पहिलीच," मानासे म्हणाला आणि कोंबड्यांवर आला.

पदवीचं नाव दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर लिहून तिनं ते शेवटच्या घरात ठेवलं आणि कळ दाबली. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. पुन्हा दाबली.

वासालोआ तुसानी.

मानासेनं आ वासला, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. मग तो असा ओरडला की माइक किंचाळला. "वासालोआ! ऐका रे, सुकाणूवर वासालोआ!" काठावरच्या बायका आरोळ्या देत उठल्या, कुणी फेर धरला. होडीत मागं उभ्या मामानं मान वर करून पडद्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांत सुकाणूवरून हात न काढलेल्या त्या माणसानं एक हात उंच केला. होडी तिरकी झाली, वल्हेकऱ्यांनी शिव्या हासडल्या आणि सेलाफी टेबलामागं हसता हसता रडली.

शर्यतीत ते तिसरे आले. गावाला नाचायला तेवढं पुरलं.

दुपारी मामा ओल्या कपड्यानिशी तंबूत आला. टेबलाशी येऊन वाकला. मग म्हणाला, "दाखव, मी कुठं होतो ते."

तिनं यादी उघडली. मामानं जाड, मिठानं पांढरं पडलेलं बोट पहिल्या नावावर ठेवलं आणि एकेक घर खाली सरकवत आणलं. शेवटच्या नावावर थांबून शेजारचा आकडा वाचला. "सेहेचाळीस? मी सत्तेचाळिसावा आहे, पोरी."

"हो मामा. पण यंत्र शून्यापासून मोजतं."

"म्हणजे पहिल्या वल्ह्यावरचा लाउलू..."

"शून्य."

मामाचं पोट गदगदलं. आधी आवाज आला नाही, मग तंबू हलेल असा आला. डोळे पुसत त्यानं तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

"रविवारी येतो जेवायला. नारळाच्या दुधातली पालूसामी जास्त कर, वर्षाची भूक आहे." दारापर्यंत जाऊन तो वळला. "आणि लाउलूला हे शून्याचं सांगू नकोस. तोही माझ्यासारखा रुसून आईकडे जेवायचं बंद करेल."