शोध चालू आहे

मी ढकलगाडी बोलतेय. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं वाहते. इथे मला सगळे ट्रॉली म्हणतात, म्हणू देत. एका जागी उभं राहून बोलणं मला जमत नाही, तेव्हा बोलता बोलता जरा पुढेमागे झाले तर राग मानू नका.

खरं तर मी जन्मले ती एका जागी उभी राहण्यासाठीच. पूर्वी मी दार होते. पुस्तकांच्या कपाटाचं जाड लाकडी दार, कडी-कोयंडा आणि हे एवढं कुलूप.

तेव्हा ग्रंथालय म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेवरच्या दोन खोल्या. खालून उग्र वास यायचा. खिडकी उघडली की जास्त, बंद केली की त्याहून जास्त. वाचकाला आत यायची बंदी होती. त्याने भिंतीतल्या छोट्या झरोक्यापाशी यायचं, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, आणि आतल्या सेवकाने किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत जाऊन ते आणून द्यायचं. नाव माहीत नसेल तर? तर पुस्तक नाही. जे पुस्तक आहे हेच ठाऊक नाही ते माणसाने मागायचं कसं, हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता. मला पडायचा. दाराला विचार करायला वेळ भरपूर असतो.

पुढे विद्यापीठ वाढलं. ग्रंथालयाला स्वतंत्र इमारत मिळाली, उंच खिडक्यांचा वाचनकक्ष झाला, लांबलचक टेबलं आली. कपाटं वाढली तशी कुलुपंही वाढली. किल्ल्यांचा जुडगा इतका जड झाला की आमचे सेवक, ज्यांना सगळे दादा म्हणत, एका खांद्यातून झुकून चालायला लागले.

मग नव्या ग्रंथपाल बाई आल्या. चणीने बारीक, बोलायला फटकळ, आणि चष्मा केसांत खोचून तोच सगळीकडे शोधत फिरणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी झरोक्यापाशी घुटमळणारी एक मुलगी पाहिली.

"समुद्राचं काहीतरी हवं होतं," मुलगी म्हणाली.

"काहीतरी म्हणजे काय?" दादांनी विचारलं. "नाव सांगा ना."

मुलगी ओशाळली आणि निघून गेली. आत समुद्राच्या पुस्तकांनी एक अख्खं कपाट भरलेलं होतं. बाईंनी त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी त्या कुलगुरूंकडे गेल्या आणि कपाटांची दारं काढून टाका म्हणाल्या. वाचकाला आत येऊ द्या, हात लावू द्या, चाळू द्या. हे ऐकून विद्यापीठाने तोंडात बोट घातलं. समिती बसली. समितीचे अध्यक्ष गणिताचे सर. कडक इस्त्रीचा सदरा, कडक इस्त्रीचा स्वभाव.

"उघडी पुस्तकं म्हणजे उघडं टाकलेलं दूध," सर म्हणाले. "मांजराला दोष देण्यात अर्थ नाही."

बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं की एक वर्ष दारं काढून पाहायचं. वर्षाअखेर मोजदाद करायची. पुस्तकं गेलेली निघाली तर दारं आणि कुलुपं पुन्हा बसवायची, आणि हा विषय कायमचा मिटवायचा.

"मिटवा," बाई म्हणाल्या, "आणि तेव्हा मलाही घरी पाठवा. झरोक्यात बसायला मी आलेले नाही."

दारं निघाली. माझ्या बहिणी गोदामात गेल्या. मला मात्र विद्यापीठाच्या सुताराने कापून, तासून, खाली चाकं ठोकून ट्रॉली केलं. चाकं लागली आणि माझं मन जे उधळलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

माझं काम सोपं होतं. वाचकाने कुठलंही पुस्तक काढावं, टेबलावर बसून वाचावं आणि तिथेच सोडून जावं. संध्याकाळी दादांनी मला टेबलांमधून फिरवून सगळी पुस्तकं गोळा करावीत आणि सकाळी क्रमांक पाहून लावावीत. वाचकाने स्वतः ती कपाटात ठेवायची नाहीत, कारण ग्रंथालयात भलत्या फळीवर गेलेलं पुस्तक असून नसल्यासारखंच. यासाठी बाईंनी रंगाऱ्याला मजकूर सांगून मोठी पाटी करून घेतली. ती लागली वाचनकक्षाच्या दाराबाहेर. मी आत होते, त्यामुळे मला ती दिसली नाही. बाईही आतच, कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या.

वर्ष सुरू झालं. काय गर्दी व्हायची! ती समुद्रवाली मुलगी तर रोज यायची. मी संध्याकाळची वाट पाहत ताटकळत असे. संध्याकाळ होई, दादा मला ढकलत निघत, आणि टेबलं स्वच्छ. एखाददुसरं पुस्तक असलं तर असलं. मी गेले तशी रिकामी परत येई.

"किती शिस्तीचे वाचक आहेत आपले," बाई कौतुकाने म्हणायच्या. दादाही खूश, कारण खांदा सरळ झाला होता. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. इतकी माणसं दिवसभर वाचतात, मग वाचलेलं जातं कुठे? ओझ्यासाठी माझी चाकं शिवशिवत होती, आणि मला विचारतंय कोण.

वर्ष संपलं, मोजदाद झाली, आणि बाईंचा चेहरा पडला. यादीतला क्रमांक धरून जिथे पाहावं तिथे पुस्तक गायब. इतिहासात भगदाड, वनस्पतिशास्त्रात भगदाड.

"दूध गेलं," सर एवढंच म्हणाले. नव्या कुलुपांचं पोतं दुसऱ्याच दिवशी दादांच्या स्टुलाशेजारी येऊन पडलं. दारं परत आणायला सुतारालाही सांगून झालं. मलाही मोडून पुन्हा दार करणार, हे मी ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली.

त्या दुपारी बाई कपाटांच्या मधल्या बोळात आल्या आणि हातपाय गाळून माझ्या खालच्या फळीवरच बसल्या. वर्षभर ओझं मागत होते, मिळालं ते हे असं. तेवढ्यात पलीकडून गणिताचे सर आले. हातात नुकतंच वाचून संपवलेलं भूमितीचं पुस्तक. त्यांनी मान वाकडी करून फळीवर नजर टाकली, पिकांवरच्या रोगांच्या दोन पुस्तकांमध्ये जागा केली आणि भूमिती तिथे हळूच सरकवली. वर एक समाधानाची थाप मारली.

"सर, हे काय करताय?" बाई उठल्या.

"पुस्तक जागेवर ठेवतोय."

"ही त्याची जागा?"

"उंची बघा ना. शेजारच्यांशी तंतोतंत जुळते. आमच्या आईने स्वयंपाकघरातले डबेसुद्धा असेच लावायला शिकवलंय."

"पण तुम्हाला ठेवायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच. बाहेर पाटी लावलीय की."

बाई तरातरा निघाल्या. त्यांचा हात माझ्या कडेवर होता, तो सोडायचं भान त्यांना नव्हतं. अशी मी फरफटत दाराबाहेर गेले आणि पहिल्यांदाच ती पाटी वाचली. ‘वाचून झालेली पुस्तके जागेवर ठेवावीत.’

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. "च कुठे गेला?"

"कोण?"

"च. मी ‘जागेवरच’ सांगितलं होतं. जागेवरच ठेवावीत. म्हणजे टेबलावर, आहेत तिथे."

"आणि हे ‘जागेवर’ आहे," सर सावकाश म्हणाले. "म्हणजे कपाटात."

रंगाऱ्याला बोलावलं. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "बाई, पाटीत मावत नव्हता. म्हटलं, एका ‘च’नं काय बिघडतंय."

मग सगळा उलगडा झाला. वाचक खरंच शिस्तीचे होते. पाटी वाचून एकूण एक जण पुस्तक कपाटात ठेवत होता. कुणी उंची पाहून, कुणी रंग पाहून, कुणी फट दिसेल तिथे. चोरी झालीच नव्हती. दिवसभर पुस्तकांतच बसणाऱ्या बाईंनी स्वतःची पाटी काही वाचली नव्हती, याचं त्यांना फार लागलं.

सुट्टी लागताच शोध सुरू झाला. प्राध्यापक, कारकून, ती समुद्रवाली मुलगी, सगळे बाह्या सरसावून फळ्या धुंडाळायला लागले. कायद्यातून कविता निघाल्या. शस्त्रक्रियेतून शिवणकाम निघालं. आणि मी? मी काठोकाठ भरून धावत होते. चाकं कुरकुरत होती आणि मला त्याचंही सुख होतं. शेवटी एकच पुस्तक राहिलं, दोराच्या गाठींवरचं, अगदी पातळ. ते सरांनीच वाचलं होतं आणि सरांनीच कुठेतरी ठेवलं होतं.

समिती पुन्हा बसली, वाचनकक्षातच. मला वाटलं, आता सुटलो. पण बाकीच्यांचं मत फिरलं नव्हतं. चोरीला गेली काय आणि भरकटली काय, डोकेदुखी तीच. कुलुपं लावा आणि मोकळे व्हा. कुलगुरूंनी मान डोलावली. बाई उठून खुर्ची मागे सारत होत्या.

तेव्हा सर उभे राहिले. "कुलुपांना माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण एक पुस्तक भलत्या कपाटात आहे आणि ते मी घातलंय. आता कुलुपं लावली तर ते कायमचं आत जाईल. गणित अर्धं सोडून मी उठत नाही. ते सापडू द्या, मग लावा."

यात कुणाला चूक काढता येईना. ठराव झाला की शोध पूर्ण होताच दारं बसवावीत. बाईंचं घरी जाणंही तोवर थांबलं. म्हणजे ते पातळसं पुस्तक सापडलं की बाई गेल्या, मोकळी कपाटं गेली आणि मीही गेले. माझा जीव तेव्हा जो टांगणीला लागला तो लागलाच.

सर रोज संध्याकाळी येऊ लागले. एकेक फळी, एकेक पुस्तक. सुरुवातीला नुसतं नाव पाहून पुढे जायचे. मग एखादं उघडून पाहू लागले. मग रेशमाच्या किड्यांवरचं एक पुस्तक उभ्या उभ्या अर्धं वाचलं, पाय दुखले म्हणून टेबलावर घेऊन गेले, आणि त्या दिवशीचा शोध तेवढाच झाला. जाताना पुस्तक टेबलावर सोडून गेले. मी ते उचललं.

एका सकाळी बाई नकाशांचं कपाट झटकत होत्या. मोठमोठ्या नकाशांच्या मागे त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. गाठींचं पुस्तक. मी शेजारीच उभी होते. भरकटलेलं पुस्तक माझ्यावर यायला हवं, तोच माझा धर्म. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सर ज्या कायद्याच्या फळ्या आधीच तपासून पुढे गेले होते, तिथे ते खोल दडपलं. एका ग्रंथपालाने, शुद्धीवर असताना. पुढे सर फळी बदलत तशा त्याही ते पुस्तक सरांच्या मागच्या, तपासून झालेल्या फळीवर हलवत राहिल्या. तेव्हा मला वाचा असती तर काय बोलले असते कोण जाणे. दारं परत यायला नको होती, आणि चुकीच्या जागचं पुस्तकही मला बघवत नव्हतं.

अशी वर्षं गेली. सरांचे केस पिकले. आता ते हवं ते वाचायला येत, मधे थोडं शोधत. एके दिवशी असंच काहीतरी काढायला तपासून झालेल्या फळीकडे वळले, आणि हातात आलं ते गाठींचं पुस्तक. त्याच बोळात मी होते.

सरांनी पान उलटलं, थोडं वाचलं. मग पुस्तकांच्या फटीतून पलीकडे पाहिलं. बाई खाली मान घालून एका फाटक्या पुस्तकाला खळ लावत होत्या. समुद्राच्या कपाटापाशी दोन नवी मुलं जमिनीवरच बसून चाळत होती. सरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी ते पातळ पुस्तक दोन भल्या उंच ग्रंथांमध्ये, आईची सगळी शिकवण बाजूला ठेवून, बोटांनी आत आत ढकललं.

"आजही नाही सापडलं, बाई," जाताना ते म्हणाले.

"बघू उद्या," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"घाई काहीच नाही."

दोघांपैकी आता कुणी येत नाही. सर गेले. बाई निवृत्त होऊन थकल्या. ग्रंथालयाचे मजले वाढले, लिफ्ट आली, संगणक आले. गाठींच्या पुस्तकापुढे पडद्यावर अजूनही ‘शोध चालू आहे’ असंच येतं, आणि समिती काही पुन्हा बसलेली नाही. माझं पुढचं एक चाक अडतं, तरी फेरी चुकत नाही. पण परवा ऐकलं की फळीवरून नुसतं फिरवलं तरी प्रत्येक पुस्तक ओळखणारं एक यंत्र येणार आहे. तेव्हापासून मला झोप नाही.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. या, हवं ते काढा, वाचा, टेबलावर खुशाल सोडून जा. कितीही असू देत, मी नेईन. फक्त दोन जाड ग्रंथांच्या मधे एखादं पातळ, गाठींवरचं पुस्तक हाताला लागलं तर तेवढं माझ्यावर आणून ठेवू नका. उभ्या उभ्या वाचा आणि परत आत ढकला. मी तोंड फिरवून उभी राहीन.